वाराणसी : बहुसांस्कृतिक नगराचा अर्थशास्त्रीय पाठ

भारतातील बहुसांस्कृतिक नगरांचा विषय निघाला की मुंबई, कोलकाता, हैदराबाद किंवा कोची यांची नावे प्रथम आठवतात. बंदर, राजधानी किंवा कारखानदारी यांमुळे तेथे निरनिराळ्या प्रांतांतील लोक एकत्र आले. वाराणसी हे सागरी बंदर नाही आणि आधुनिक काळातील प्रशासकीय राजधानीही नाही. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. तरीही देशातील अनेक भाषिक समाजांच्या वस्त्या तेथे शतकानुशतके नांदत आहेत. त्या कशा निर्माण झाल्या आणि कशाच्या आधारे टिकल्या, हा प्रश्न विकासाच्या अभ्यासकाने समजून घेण्याजोगा आहे.

दूधविनायक : एक मराठी मोहल्ला

गंगेच्या उत्तरेकडील घाटांच्या मागे, ब्रह्माघाट, दुर्गाघाट आणि पंचगंगाघाट यांच्या परिसरात दूधविनायक हा मोहल्ला आहे. तेथील विनायकाच्या मंदिरावरून त्यास हे नाव मिळाले. हा सारा भाग काशीतील मराठी वस्तीचा परंपरागत गाभा होय.

या वस्तीची मुळे पेशवाईपूर्वीची आहेत. सोळाव्या शतकात पैठणचे रामेश्वर भट्ट काशीस स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायण भट्ट हे धर्मशास्त्राचे विख्यात पंडित होते. याच घराण्यातील गागाभट्टांनी १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य केले. अठराव्या शतकात मराठी सत्तेचा विस्तार झाला आणि घाट, मंदिरे, वाडे व अन्नछत्रे यांसाठी दक्षिणेतून निधीचा ओघ सुरू झाला. अहिल्याबाई होळकरांनी १७८० च्या सुमारास विश्वनाथाचे आजचे मंदिर उभारले. शिंदे व नागपूरकर भोसले यांच्या नावांचे घाट आजही ओळखले जातात.

पंचगंगाघाटाचा परिसर तर एखाद्या खुल्या ग्रंथासारखा आहे. औंधच्या संस्थानिकांनी बांधविलेले बिंदुमाधवाचे मंदिर, त्याच्या जुन्या मंदिराच्या जागी औरंगजेबाच्या काळात उभी राहिलेली आलमगीर मशीद, रामानंदांच्या परंपरेचा श्रीमठ आणि मूळच्या तेलुगू भाषक त्रैलंग स्वामींचे स्थान ही सारी पायी चालण्याच्या अंतरावर आहेत. येथील बालाजी मंदिरात उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांनी सनईचा रियाझ केला. सहजीवनाच्या या इतिहासात संघर्षाची पानेही आहेत. ती वगळून बहुसांस्कृतिकतेचा अभ्यास पूर्ण होत नाही.

वस्तीमागील अर्थव्यवस्था

श्रद्धा माणसाला तीर्थक्षेत्री आणते, परंतु तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहण्यासाठी उपजीविका लागते. काशीत ती प्रामुख्याने दानधर्मातून निर्माण झाली. दूरच्या प्रांतातील महसुलाचा काही भाग हुंडीच्या मार्गाने येथील सावकारांकडे येई आणि त्यातून पंडित, विद्यार्थी, पुरोहित, गवंडी, दुकानदार अशा अनेकांचे पोषण होई. आजच्या परिभाषेत यास प्रांताप्रांतांमधील उत्पन्नाचे हस्तांतरण म्हणता येईल. केदारघाटाजवळील तमिळ मठ व छत्रे, बंगाली टोला, ललिताघाटावरील नेपाळी मंदिर यांच्या मागेही अशीच आश्रयाची साखळी दिसते.

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि मराठी वस्तीचा मोठा आधार ओसरला. ज्यांनी नव्या व्यवसायांत प्रवेश केला, त्यांनी आपले स्थान टिकविले. १७९१ मध्ये स्थापन झालेल्या संस्कृत महाविद्यालयात बापूदेव शास्त्री गणित शिकवीत. १८८३ मध्ये काशीत मराठी कुटुंबात जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर ‘आज’ या हिंदी दैनिकाचे ख्यातनाम संपादक झाले. ‘मुद्रास्फीती’ हा हिंदी शब्द रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. आपण ज्यास चलनवाढ म्हणतो, त्या संकल्पनेला हिंदीत नाव मिळाले ते एका मराठी भाषकाकडून, ही गोष्ट मोठी बोलकी आहे.

शालूची साखळी

दुसरा आधार उद्योगाचा. मराठी लग्नघरातील बनारसी शालूचे उदाहरण घेऊ. त्याचे रेशीम कर्नाटकातून किंवा आयातीतून येते, जर बहुधा सुरतेची असते, विणकर पुष्कळदा मदनपुरा किंवा अलईपुऱ्यातील मुस्लिम कारागीर असतो, विक्री चौकातील हिंदू गद्दीदार करतो आणि खरेदीदार महाराष्ट्रातील वधूपिता असतो. भिन्न समाज परस्परांवर अवलंबून असल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

मात्र परस्परावलंबन म्हणजे समानता नव्हे. भांडवल व बाजारपेठेची माहिती व्यापाऱ्याच्या हाती असल्याने विणकराची सौदाशक्ती कमी राहते. यंत्रमागावरील स्वस्त नकलांनी त्याची अडचण वाढविली. २००९ मध्ये बनारसी साड्यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला. तो नावाचे संरक्षण करतो, परंतु मजुरीची हमी देत नाही. सहकारी संस्था, कर्जपुरवठा आणि थेट विक्री यांची जोड मिळाल्यासच त्याचा लाभ मागापर्यंत पोहोचेल.

धोरण आणि संविधान

संविधानाचा अनुच्छेद १९ नागरिकांना देशात कोठेही राहण्याचे व स्थायिक होण्याचे स्वातंत्र्य देतो. अनुच्छेद २९ भाषा, लिपी व संस्कृती जतन करण्याचा हक्क देतो. अनुच्छेद ३५०क प्राथमिक स्तरावर मातृभाषेतील शिक्षणाच्या सोयींविषयी आहे, तर अनुच्छेद ५१क संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणे हे नागरिकांचे कर्तव्य मानतो. वारसा नगरांसाठीच्या ‘हृदय’ योजनेत (२०१५-२०१९) वाराणसीचा समावेश होता. २०१५ मध्येच युनेस्कोच्या सर्जनशील नगरांच्या जाळ्यात संगीताचे नगर म्हणून तिला स्थान मिळाले. डिसेंबर २०२१ मध्ये विश्वनाथ मंदिर परिसराच्या विस्ताराचे उद्घाटन झाले.

पर्यटन वाढते तसे जागेचे मोलही वाढते. जुन्या वाड्याचे अतिथिगृह झाले की उत्पन्न मिळते, परंतु वाड्यातील कुटुंब उपनगरात गेले तर मोहल्ल्याची भाषा, पाठशाळा आणि उत्सव यांना माणसे उरत नाहीत. दगडी घाटाची दुरुस्ती निधीतून होऊ शकते. वस्ती मात्र रोजगार, निवारा आणि शाळा असल्याशिवाय टिकत नाही. म्हणून वारसा संवर्धनाच्या आराखड्यात इमारतींइतकाच रहिवाशांचाही विचार व्हावयास हवा.

विद्यार्थ्यांनी संधी मिळताच हे नगर अवश्य पाहावे. दूधविनायकाच्या गल्लीपासून आरंभ करावा, पंचगंगाघाटावर थांबावे आणि मदनपुऱ्यातील मागापाशी फेरी संपवावी. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारावा : येथील माणसे कोणत्या उत्पन्नावर जगत होती आणि आज कोणत्या उत्पन्नावर जगतात? त्याच्या उत्तरातच बहुसांस्कृतिक नगराचे भवितव्य दडलेले आहे.