मामेभावाची सही

कोथरूडचा फ्लॅट आम्ही न्यू जर्सीत बसून घेतला. करारनाम्यापासून ताब्यापर्यंत आमच्या वतीने सह्या केल्या मामेभावाने. तो बँकेतून निवृत्त झालेला, कागद नीट वाचणारा माणूस. तरी एके दुपारी बिल्डरच्या ऑफिसात त्याच्यापुढे ताबापावती सरकवली गेली. आज सही नाही केली तर मेंटेनन्स सुरू होईल, किल्ली मात्र मिळणार नाही, असं सांगितलं. पावतीत होतं : क्षेत्रफळ बरोबर मिळालं, बांधकामाबद्दल तक्रार नाही, पार्किंगची बदललेली जागा मान्य आहे. भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ताच नव्हता. आमच्याकडे तेव्हा पहाट होती, फोन लागला नाही. त्याने सही केली.

कुलमुखत्यारपत्रात ‘ताब्यासंबंधी सर्व कामे करणे’ असं वाक्य होतं, त्यामुळे ती सही कायद्याने माझीच ठरली. मसुदा बिल्डरकडून आलेला होता. पार्किंगसाठी पुढे वकिलाची नोटीस आणि भरपूर पत्रव्यवहार करावा लागला. त्याहून जास्त लागलं ते मामेभावाचं खजील होणं.

म्हणून परदेशातून घर घेणाऱ्या प्रत्येकाला कळकळीने सांगते, मसुदा स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. त्यात इमारत, मजला, फ्लॅट क्रमांक लिहा आणि नेमकी कामं लिहा : करारनाम्यावर सही, दुय्यम निबंधकापुढे कबुली, भोगवटा प्रमाणपत्र पाहिल्यावरच ताबा. विक्री, गहाण, पैसे स्वीकारणं, तक्रार सोडून देणं हे अधिकार दिलेले नाहीत, असंही स्पष्ट लिहा. जवळच्या माणसाला यात अविश्वास वाटेल ही भीती मला होती. उलट, ‘मला तो अधिकारच नाही’ हे वाक्य दबावाच्या वेळी त्याला वाचवतं. बिल्डरचा किंवा एजंटचा माणूस मुखत्यार म्हणून मुळीच नेमू नका.

पैसे मुखत्याराच्या खात्यातून फिरवू नका, आपल्या एनआरई किंवा एनआरओ खात्यातून थेट बिल्डरला द्या. शेतजमीन मात्र अनिवासी भारतीयाला विकत घेता येत नाही, मुखत्यार नेमूनही नाही.

मुखत्यारपत्राच्या कागदाची वाट अशी : नोंदणी कायदा 1908च्या कलम 33 प्रमाणे परदेशातली सही नोटरीपुढे किंवा भारतीय वकिलातीत व्हावी लागते. आम्ही नोटरीपुढे केली, मग ट्रेंटनहून अपोस्टिल, म्हणजे नोटरीच्या सहीचं सरकारी प्रमाणीकरण, घेतलं. फ्लॅट नवरा-बायकोच्या नावावर असेल तर दोघांच्याही सह्या लागतात. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. पोचल्याची तारीख दाखवायला कुरिअरचं पाकीट जपून ठेवा. आमच्या वकिलांनी तेच आधी मागितलं.

जुना फ्लॅट घेत असाल आणि समोरचा नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर तो विकू पाहत असेल, तर थांबा. असा कागद मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केलं आहे. नोंदलेलं खरेदीखतच मागा.

काम झालं की मुखत्यारपत्र रद्द करा आणि बिल्डर, बँक, सोसायटी यांना लेखी कळवून पोच घ्या. त्यांना कळेपर्यंत जुन्या कागदावर झालेला व्यवहार तुमच्या अंगावर येऊ शकतो. मूळ प्रत मुखत्याराकडून परत मागून घ्या.