एक किल्ला, चार वळणे : देवगिरीच्या आधाराने मध्ययुग शिकवताना



मध्ययुगीन इतिहासाचा पाठ सुरू झाला की मुलांच्या वहीत सनांची यादी तयार होते. १२९६, १३२७, १३४७, १६३६. समोर एकेक घटना. जोड्या लावायला ही यादी बरी पडते, पण परीक्षा संपली की आठवडाभरात विसरली जाते. कारण मूळ प्रश्न तसाच राहतो. लढाया तर शेकड्यांनी झाल्या, मग यातल्याच काही घटनांना 'इतिहासाला वळण देणाऱ्या' का म्हणायचे?

मुलांना सोपी कसोटी द्या. ज्या घटनेनंतर लोकांना पूर्वीसारखे वागता आले नाही, ते वळण. त्यासाठी प्रत्येक घटनेला तीन प्रश्न विचारायचे : आधी काय चालत आले होते? नेमके घडले काय? नंतर काय पूर्वीसारखे राहिले नाही?

आता ही कसोटी एकाच ठिकाणी लावून बघू. छत्रपती संभाजीनगरजवळचा देवगिरीचा किल्ला, म्हणजेच दौलताबाद, आपल्यातल्या अनेकांनी सहलीत पाहिलेला असतो. वर दिलेल्या चारही सनांचा या किल्ल्याशी संबंध आहे.

१) इ. स. १२९६ : दक्षिणेचा दरवाजा उघडला

देवगिरी ही यादवांची राजधानी. रामदेवराव यादवांच्या काळात राज्य संपन्न होते. नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० ला. मराठीच्या बहराचा हा काळ.

अशा वेळी दिल्लीच्या सुलतानाचा, जलालुद्दीन खिलजीचा, पुतण्या आणि जावई असलेला अल्लाउद्दीन सुलतानाला न कळवता देवगिरीवर चालून आला. यादवांची मुख्य फौज युवराज शंकरदेवाबरोबर बाहेर होती. रामदेवराव किल्ल्यात अडकले. डोंगरी किल्ला मजबूत होता, पण फौज जवळ नाही आणि धान्य अपुरे, मग किल्ला काय करणार? अखेर मोठी खंडणी द्यावी लागली. त्याच वर्षी अल्लाउद्दीनने चुलत्याला ठार मारून दिल्लीचे तख्त बळकावले. देवगिरीची संपत्ती त्याला तिथे कामी आली.

नंतर काय बदलले? दक्षिणेत अफाट संपत्ती आहे आणि तिथवर पोहोचता येते, हे दिल्लीला कळले. मलिक काफूरच्या स्वाऱ्या झाल्या. १३१८ पर्यंत यादवांची सत्ता संपली. विंध्याच्या पलीकडचे राजकारण ही आता दूरची गोष्ट राहिली नाही.

२) इ. स. १३२७ : फसलेला निर्णयही वळण ठरतो

मुहम्मद तुघलकाने राजधानी दिल्लीहून देवगिरीला आणायचे ठरवले आणि तिला दौलताबाद नाव दिले. हा प्रसंग आपण बहुधा 'लहरी राजाची गोष्ट' म्हणून हसत हसत सांगतो. त्याऐवजी वर्गात नकाशा लावा आणि विचारा, "तुमचे राज्य दिल्लीपासून खाली दक्षिणेपर्यंत पसरले आहे. राजधानी कुठे ठेवाल?" बरीच मुले बोट मध्यभागी ठेवतील. विचार अगदीच खुळा नव्हता, हे त्यांना आपोआप समजते. चूक होती ती माणसांना जबरदस्तीने हजारावर किलोमीटर चालवत आणण्यात.

काही वर्षांत दरबार परत दिल्लीला गेला. पण आलेले सगळे परतले नाहीत. सरदार, सैनिक, कारागीर, सूफी संत अशी कितीतरी माणसे इथेच राहिली. जवळच्या खुलताबादला बुर्‍हानुद्दीन गरीब या सूफी संतांचा दर्गा आजही आहे. या लोकांच्या बोलीतून पुढे दख्खनी भाषा घडली. राजधानी परत गेली, वळण मात्र कायम राहिले.

३) इ. स. १३४७ : दख्खनने स्वतःचा मार्ग धरला

वीस वर्षांनी दख्खनमधल्या अमीरांनी तुघलकाविरुद्ध बंड केले. दौलताबादेतच हसन हा सरदार सुलतान झाला आणि बहमनी राज्य सुरू झाले. राजधानी पुढे गुलबर्ग्याला आणि नंतर बीदरला गेली.

इथे मुलांचे लक्ष एका गोष्टीकडे वेधा. बंड करणारे मुसलमान होते आणि ज्याच्याविरुद्ध केले तो सुलतानही मुसलमान होता. भांडण धर्माचे नव्हते. दख्खनचा कारभार कोणी चालवायचा याचे होते. पुढे बहमनी राज्यातून निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही निघाल्या. दरबारी फारसी आणि गावच्या दप्तरात मराठी अशी जोडी बसली. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्याशिवाय कोणत्याही सुलतानाला महसूल वसूल करता येत नव्हता. 'वसूल', 'जमीन', 'कागद', 'तारीख', 'हजर' हे आपले रोजचे शब्द त्या सहवासातून आले. वर्गात आपण 'हजर' म्हणतो, तेव्हा आपल्या तोंडी मध्ययुगच असते!

४) इ. स. १६२९ ते १६३६ : पर्याय संपत गेले

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तरी निजामशाही लगेच संपली नाही. मलिक अंबरने ती टिकवली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस राज्याचा कर्ताधर्ता झाला. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले.

१६२६ मध्ये मलिक अंबर वारला आणि घसरण सुरू झाली. १६२९ मध्ये निजामशहाने लखुजी जाधवरावांना मुलांसह याच देवगिरीच्या किल्ल्यात दगा देऊन ठार केले. लखुजी म्हणजे जिजाबाईंचे वडील. त्यांचे घराणे स्वतःला यादवांचे वंशज मानत असे. जिजाबाईंवर तेव्हा काय कोसळले असेल, याचा विचार मुलांना करू द्या. पाठोपाठ १६३० च्या सुमाराला भीषण दुष्काळ पडला. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांनी जिंकले आणि १६३६ मध्ये निजामशाही कायमची बुडाली.

आता तिसरा प्रश्न विचारा. आधी एका दरबारात अपमान झाला, तर मराठा सरदार दुसऱ्या दरबारात जात असे. निजामशाही गेली आणि ही वाट अरुंद झाली. शहाजीराजांना आदिलशाहीत जावे लागले. पुण्याच्या जहागिरीत जिजाबाईंच्या देखरेखीखाली वाढणाऱ्या शिवरायांसमोर नवा प्रश्न होता : कोणाची चाकरी करायची, की चाकरीच सोडायची? स्वराज्याचा विचार या पार्श्वभूमीवर पाहिला की १६७४ चा राज्याभिषेक एवढा मोठा का, हे मुलांना कळते.

शिकवताना जपायचे ते एवढे

या पाठात 'आपले' आणि 'त्यांचे' असे शब्द आपल्या तोंडून सहज निघून जातात. वर्गात बसलेले एखादे मूल ते ऐकून मान खाली घालते आणि बाकावरचा सोबती त्याच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागतो. सातशे वर्षांपूर्वीच्या स्वारीचा हिशोब दहा-बारा वर्षांच्या मुलाकडे मागायचा नसतो. लूट झाली, अत्याचार झाले, हे लपवू नका. पण कोणी केले हे सांगताना राजाचे नाव घ्या, समाजाचे नको. आणि लखुजींचा घात सांगताना मलिक अंबर आणि शहाजीराजे एका बाजूने लढले, हेही सांगा. दोन्ही खरे आहे.

घरी करायचा उपक्रम

पालकहो, पुढच्या सुट्टीत जवळचा एखादा किल्ला, वेस किंवा जुनी बारव बघायला जा. ती कोणी बांधली, नंतर कोणाकडे गेली आणि प्रत्येक बदलानंतर गावात काय वेगळे झाले, हे मुलांना गावातल्या जाणत्यांकडून विचारून घेऊ द्या. वहीत तीन रकाने आखा : आधी, घटना, नंतर. पहिले दोन रकाने पटकन भरतील. तिसऱ्यासाठी मुलांना वेळ लागेल, तेवढा द्या. उत्तर तयार सांगू नका.