व्हिडिओ पाहिला, पुढे काय?

प्रश्न : कोल्हापुरातल्या एका परिचारिका विचारतात, बाळंतिणी स्तनपानाचे व्हिडिओ पाहून माना डोलावतात, घरी मात्र जैसे थे. असं का?

उत्तर : ‘अंगावर पाजा’ हा उपदेश झाला. कसं पाजायचं, ते दिसलं पाहिजे. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधले आरोग्य-पोषणाचे व्हिडिओ मराठीतही आहेत. डाव्या बाजूला पाजताना बाळाच्या मानेला उजव्या हाताचा आधार, आणि नुसतं स्तनाग्र नव्हे, भोवतालचा काळसर भागही बाळाच्या तोंडात, अशी बारीक कृती दाखवावी लागते.

प्रतीक्षाकक्षातला टीव्ही मालिकेसारखाच बघितला जातो. त्यापेक्षा खाटेपाशी मोबाइलवर दाखवून आईकडून लगेच करवून घ्यावं.

सासूबाईंनाही शेजारी बसवावं; मध-गुटीचा निर्णय बहुधा त्यांचाच! पहिले 6 महिने फक्त आईचं दूध, हे त्यांनीही ऐकावं. पुढच्या तपासणीत वजनासोबत बाळाची स्तनावरची पकडही बघावी.