फलक सगळ्यांसाठी होता, अडवलं आम्हालाच

विरोधी पक्षात तालुक्याच्या पातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी हे लिहितोय. मोठ्या नेत्याला अडवलं तर बातमी होते. आपल्याला अडवलं तर गावात हसं होतं, आणि ज्यांच्यासाठी गेलो ते शेतकरी बांधावर वाट बघत राहतात.

२६ नोव्हेंबर २०२३ च्या गारपिटीनंतरची गोष्ट. त्या दिवसांत निफाड-चांदवडकडच्या द्राक्षबागा ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या गटातल्या गावांतून फोन येत होते. मणी तडकलेत, कांद्याचं रोप झोपलंय, तलाठी अजून फिरकला नाही. म्हणून आमच्या माजी आमदारांना, अण्णांना, बांधावर न्यायचं ठरवलं. सभा नव्हती, मोर्चा नव्हता. बागा बघायच्या, समाजमंदिरात बसून लोकांचं ऐकायचं, नुकसानीचे अर्ज लिहून घ्यायचे आणि तहसीलमध्ये द्यायचे, एवढंच. पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, ग्रामपंचायतीला पत्र दिलं होतं. हे आधीच सांगतो, कारण नंतर ‘न विचारता घुसले’ असं आमच्याबद्दल पसरवलं गेलं.

आदल्या रात्री घरी नोटीस आली, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४९ ची. दौऱ्यात काही अनुचित घडलं तर जबाबदार तुम्ही. सकाळी मंडपवाल्याचा फोन, ‘भाऊ, खुर्च्या नाही देता येणार, मला गावात धंदा करायचाय.’ समाजमंदिराची किल्ली ग्रामसेवकाकडे, ग्रामसेवक पंचायत समितीच्या मीटिंगला, त्यांचा फोन बंद. वेशीवर पोचलो तर सरपंचांच्या भावकीतली पोरं रस्त्यात आडवी उभी, आणि मागे फलक: सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांना गावबंदी.

‘अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण गावाचा निर्णय आहे.’

अण्णा म्हणाले, ‘अरे, मी भाषण करायला आलो नाही. मला माईक नको, हार नको. फक्त बागा बघू द्या.’

‘ते काही नाही. गाडी वळवा.’

बंदोबस्ताला आलेले हवालदार माझ्याकडे वळले. ‘वरून फोन आहे. उगाच आमची अडचण करू नका, मागे फिरा.’ रस्ता अडवणाऱ्यांना त्यांनी एक शब्द विचारला नाही. पोरांच्या मागे एक म्हातारे बाबा पाटीत तडकलेले घड घेऊन उभे होते. अण्णांना दाखवायला आणले होते. त्यांना पुढे येऊ दिलं नाही. मला सगळ्यात जास्त झोंबलं ते हे.

आम्ही फिरलो. गावाचा राग खरा आहे, त्याचा मान ठेवला पाहिजे, असं आमचं मत होतं. ऑक्टोबरात मनोज जरांगे पाटलांच्या मराठा आरक्षणासाठीच्या उपोषणापासून गावोगाव फलक लागले होते, आणि त्यांच्यामागची वेदना आम्हाला ठाऊक होती. ३० नोव्हेंबरला मंत्री छगन भुजबळ येवल्याकडे नुकसानीची पाहणी करायला आले, तेव्हा त्यांनाही काळे झेंडे आणि ‘गो बॅक’च्या घोषणा झेलाव्या लागल्या. बंदी सगळ्यांना असेल तर तक्रार कसली?

त्याच आठवड्यात एकाच्या व्हॉट्सअॅप स्टेटसला फोटो आला. तीच वेस. सत्ताधारी बाजूचा एक पुढारी, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, आणि भोवती तीच पोरं. फोटो मोठा करून बघितला. मागचा फलक कांद्यावर टाकायच्या ताडपत्रीने झाकला होता. पुढच्या फोटोत समाजमंदिर उघडं, आत खुर्च्या मांडलेल्या, पुढारी निवेदनं घेतायत. मी त्यातल्या एकाला फोन लावला. तो म्हणाला, ‘ते लग्नाला आले होते भाऊ, गावात आलेच म्हणून सत्कार केला.’ त्या क्षणी मला कळलं की तो फलक त्या दिवशी फक्त आमच्यासाठी होता. आरक्षणासाठी जिवाची बाजी लावणाऱ्या माणसांच्या दुःखाची ढाल करून यांनी आपल्या पुढाऱ्याची वाट मोकळी ठेवली. याचा राग मला आजही आहे.

सत्ता कुणाचीही असो, हे होतं. सप्टेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडीचं सरकार असताना कोल्हापूरला निघालेल्या किरीट सोमय्यांना पोलिसांनी कऱ्हाडला उतरवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी हाथरसला निघालेल्या राहुल गांधींना उत्तर प्रदेश पोलिसांनी वाटेत अडवलं. तेव्हा टाळ्या वाजवणारे बाजू बदलली की ओरडतात, म्हणून यात पक्ष बघू नका.

आता कामाचं सांगतो.

अर्ज दोन प्रतींत द्या आणि आवक क्रमांकासह पोहोच घ्या. त्यात नुसतं ‘परवानगी द्यावी’ असं लिहू नका. ‘अमुक वेळी अमुक शेतकऱ्यांना भेटणार आहोत, अडथळा होऊ नये म्हणून बंदोबस्त द्यावा’ असं लिहा. परवानगी मागितली की नाकारता येते. बंदोबस्त मागितला की तो का दिला नाही, याचं उत्तर त्यांना द्यावं लागतं.

नोटिशीला घाबरू नका. जुनं १४९ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६८ आहे. अशी नोटीस म्हणजे ताकीद, बंदी नव्हे. त्याच दिवशी लेखी उत्तर द्या. जमावबंदी आहे असं तोंडी सांगितलं तर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ च्या आदेशाची प्रत मागा, तारखा आणि हद्द बघा. बहुतेक आदेशांत पाच किंवा अधिक माणसांच्या जमावाला मनाई असते. मग चौघं जा.

फलक दाखवला तर ग्रामसभेचा ठराव मागा. ठराव असला तरी कुणाला गावात येण्यापासून रोखायचा अधिकार ग्रामपंचायत कायद्याने दिलेला नाही, आणि देशात कुठेही फिरायचा हक्क राज्यघटनेच्या कलम १९ ने दिला आहे. रस्ता अडवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली गुन्हा आहे. पण हे वेशीवर ओरडून सांगू नका. मोबाईलवर चित्रण करा आणि नंतर तक्रार द्या.

राग खरा की आणलेला, हे ओळखायला शिका. खरा राग असलेला माणूस कारण सांगतो आणि गावातल्या माणसाला बोलू देतो. तिथे गाडीतून उतरा, ऐका, आणि मुकाट्याने परत या. आणलेल्या रागात शेतकऱ्याला मागे ढकललं जातं.

समाजमंदिराच्या भरवशावर राहू नका. शेतकऱ्याच्या मळ्यात, त्याच्या खळ्यावर, त्याच्या लेखी निमंत्रणावरून बसा. त्याहून चांगलं म्हणजे पहाटे लासलगाव किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत जा. शेतकरी तिथे ट्रॅक्टर घेऊन रांगेत उभाच असतो, आणि तिथे वेस नाही. त्या गारपिटीनंतरच्या डिसेंबरात ८ तारखेला कांद्याची निर्यातबंदी झाली आणि ११ तारखेला चांदवडला शरद पवारांच्या उपस्थितीत रास्ता रोको झाला, तेव्हा माणसं आपणहून तिथे आली. कुणाच्या किल्लीची गरज पडली नाही.

निवडणुकीच्या काळात आयोगाच्या ‘सुविधा’वर निदान ४८ तास आधी अर्ज टाका. तेव्हाच्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

बाकी नेहमीचंच: गाड्यांचा ताफा नेऊ नका, घोषणा देऊ नका, डोकं शांत ठेवा. शेवटचं मला अजून जमत नाही.

त्या बाबांचा अर्ज आम्ही नंतर त्यांच्या मळ्यात जाऊन लिहून घेतला आणि तहसीलला दिला. तुम्हाला अडवलं तरी शेतकऱ्याचा अर्ज अडकू देऊ नका. आणि अडवणाऱ्यांबद्दलचा राग पारावर बोलून वाया घालवू नका. तोंडी राग त्यांना चालतो, लेखी चालत नाही. म्हणून तो कागदावर उतरवा, खाली सही करा, आणि पोहोच घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका.