खारवट जमिनीतील पिके सोडियम कोठे साठवितात?

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीही येते आणि कापूसही. परंतु खारवट जमिनीत या दोन पिकांची वागणूक अगदी निराळी असते. रानाच्या सखल, पाणथळ कडेला कपाशी हिरवीगार उभी असते आणि तेथेच लावलेल्या मिरचीच्या पानांच्या कडा मात्र करपतात. कपाशी चांगली दिसली म्हणून जमीन निर्दोष समजणे आणि पुढील वर्षी तेथे मिरची लावणे म्हणजे रोपे व मजुरी यांचा खर्च व्यर्थ घालविणे होय. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.५ डेसीसीमेन प्रति मीटर यापुढे गेली की मिरचीचे उत्पन्न घटू लागते. कपाशीच्या बाबतीत ही मर्यादा ७.७ आहे.

सोडियम कपाशीला बाधत नाही, असे मात्र नव्हे. अगदी खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींच्या पेशींतील विकरे बाहेर काढून मिठाच्या द्रावणात तपासली, तर तीही इतर वनस्पतींच्या विकरांप्रमाणेच निकामी होतात. खुबी आहे ती मीठ ठेवण्याच्या जागेत. पूर्ण वाढलेल्या पेशीचा फार मोठा भाग रिक्तिका नावाच्या रसाने भरलेल्या पिशवीने व्यापलेला असतो. जीवनाची बहुतेक कामे तिच्या भोवतालच्या पातळ पेशीद्रव्यात चालतात. पिशवीच्या पडद्यावरील पंप हायड्रोजनचे आयन आत ढकलतात. ते बाहेर येताना त्यांच्या बदल्यात सोडियम आत घेतला जातो. ही अदलाबदल १९८५ साली ब्लुमवाल्ड व पूल यांनी बीटाच्या पेशींत दाखवून दिली. फवारणीचे औषध स्वयंपाकघरात न ठेवता कोठडीत बंद करावे, त्यातलाच हा प्रकार.

कोंडलेले मीठ उपयोगीही पडते. त्याच्यामुळे पेशीरस दाट राहतो व खाऱ्या जमिनीतूनही पाणी ओढता येते. मात्र पेशीद्रव्याचा तोल राखण्यासाठी झाडास प्रोलीन, बीटेन यांसारखे पदार्थ तयार करावे लागतात व त्यात अन्न खर्ची पडते. कोकणच्या खाड्यांतील तिवराने निराळाच मार्ग काढला आहे. तो पानांवरील ग्रंथींतून मीठ बाहेर टाकतो. पान जिभेला लावल्यास खारट लागते.

कोठडीलाही मर्यादा असते. जुनी पाने आधी भरतात व गळतात, आणि त्यांतील मीठ पुन्हा रानातच पडते. कपाशी घेत राहिल्याने जमीन गोडी होईल, ही समजूत म्हणूनच चुकीची आहे. कोवळ्या रोपाजवळ साठवणीस जागा थोडी असल्याने अशा जमिनीत कपाशीचीही उगवण विरळ होते.

ग्रामसेवकांनी मिरचीच्या लागणीपूर्वी सखल भागाचा मातीचा नमुना वेगळा घेऊन तपासणीस पाठवावा. जमीन चोपण निघाल्यास अहवालात सांगितलेल्या प्रमाणात जिप्सम घालावे. ती नुसती खारवट असल्यास जिप्समवर पैसा खर्चू नये; तेथे आधी चर काढून निचरा करावा व मग गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढावेत.