कीर्द, खतावणी आणि कंपवात



वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने मेंदूवर लेख लिहावा, याचे काहींना नवल वाटेल. पण हा विषय मला पुस्तकात नव्हे, आमच्या दुकानाच्या गादीवर भेटला.

आमच्या आबांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, होऊन नऊ वर्षे झाली. हात थरथरतो, चाल मंदावली, हे घरात सर्वांना ठाऊक होते. गेल्या दिवाळीत मात्र कीर्दीची बेरीज तीनदा चुकली आणि मी ताडकन बोललो, "आबा, लक्ष कुठं असतं तुमचं?" ते काही बोलले नाहीत. पेन माझ्यापुढे ठेवून आत गेले.

एके काळी आबा गिऱ्हाइकाशी कानडीत बोलता बोलता तोंडातल्या तोंडात मराठीत बेरीज करीत. आता गिऱ्हाईक बोलू लागले की बेरीज तुटते. असे का व्हावे, म्हणून मी वाचू लागलो.

१८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी या रोगाचे वर्णन केले. बुद्धी शाबूत राहते, असे त्यांनी लिहिले होते. ती समजूत टिकली नाही. सिडनी येथे रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला. वीस वर्षांनी हयात असलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्णांना स्मृतिभ्रंश झालेला आढळला.

या रोगात मध्यमेंदूतील डोपामीन तयार करणाऱ्या पेशी मरतात. डोपामीन केवळ हालचालीसाठी लागते असे नाही. मेंदूच्या खोल भागातून कपाळामागील भागाकडे जाणारी जी मंडले आहेत, त्यांनाही ते लागते. योजना आखणे, एका कामावरून दुसऱ्यावर जाणे, दोन कामे एकदम सांभाळणे ही कामे या मंडलांची. पुढे ॲसिटिलकोलीन हे द्रव्यही घटते, तेव्हा अवधान आणि स्मरण यांना धक्का बसतो.

आपल्या भाषेत सांगायचे तर, शाखा उघड्या आहेत, पण मुख्य कचेरीचे टपाल वेळेवर पोचत नाही. मेंदूच्या कोणत्या भागांतील रक्ताच्या प्राणवायूचे चढउतार एकाच तालात होतात, हे विशिष्ट एमआरआय तपासणीत पाहता येते. बुद्धी मंदावलेल्या रुग्णांत हा ताल अनेक ठिकाणी बिघडलेला दिसतो. मात्र केवळ या चित्रावरून एखाद्या रुग्णाचे निदान करता येत नाही.

लेव्होडोपाने हालचाल सुधारते, स्मरणशक्तीला तिचा फारसा उपयोग होत नाही. स्मृतिभ्रंशावर रिव्हास्टिग्मीन काहींना थोडा गुण देते. गोंधळ अचानक वाढला तर मात्र "वयच झालं" म्हणून गप्प बसू नये. जंतुसंसर्ग किंवा एखादे औषधही त्याला कारण असू शकते. डॉक्टरांना लगेच दाखवावे.

असो. आता संध्याकाळी गिऱ्हाइकांशी मी बोलतो आणि आबा आतल्या खोलीत, रेडिओ बंद करून, बेरीज करतात. एका वेळी एकच काम. वेळ लागतो, पण बहुतेकदा ताळा जमतो. त्या दिवशीचे माझे बोलणे मात्र अजून नावेच पडलेले आहे. हा लेख छापून आला की त्यांना वाचून दाखवणार आहे.