सहीच्या आधी

चि. मृण्मयी,


परवा शशीच्या साखरपुड्यात एक गृहस्थ तुझं तोंडभरून कौतुक करत होते. "तुमची भाची भलतीच चलाख. दिवसाला तीन-तीन इमारतींचे ऑडिट रिपोर्ट काढते." तुझी आई खूश झाली. माझ्या घशाखाली मात्र घास उतरेना. एक जुनी चार मजली इमारत नीट बघायची तर दिवस पुरत नाही, मग तीन होतात कशा? खोल्याखोल्यांत शिरलीस का? की पोरांनी मोबाइलवर काढून आणलेल्या फोटोंवर सही केलीस?

त्या सहीचं वजन तुला मी सांगायला नको. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतीला कायद्यानं स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. तू 'सी-१' लिहिलंस की घरं रिकामी करून इमारत पाडायची. 'सी-२बी' लिहिलंस की माणसं आत राहूनच दुरुस्ती. पुनर्विकासाची घाई असलेल्याला पहिलं हवं असतं, खर्च टाळणाऱ्याला दुसरं, आणि दोघेही चहा पाजून गोड बोलतात. मार्च २०१९ मध्ये सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला, ७ जीव गेले. त्याआधीच्या ऑडिटमध्ये किरकोळ दुरुस्ती सुचवली होती. ऑडिट करणाऱ्याला अटक झाली. ती बातमी वाचली तेव्हा तू कॉलेजात होतीस, आणि तेव्हापासून माझ्या मनात हीच धास्ती आहे.

म्हणून पुन्हा विचारतो, आत गेली होतीस का? हॅमर टेस्टच्या आकड्यावर विसंबू नकोस. कार्बोनेशननं जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक होतो आणि आकडा उलट चांगला येतो. कॉलमला ताजी खोक पाडून फिनॉल्फ्थॅलिन मार. गुलाबी रंग चढला तिथं काँक्रीट सळईला राखून आहे. सळईपर्यंत रंग चढलाच नाही, तर गंजाला वाट मोकळी झाली समज. गंज फुगतो आणि बाहेरचं काँक्रीट ढकलून पाडतो. मोरीखालचा स्लॅब खालच्या बिऱ्हाडात जाऊन बघ. कॉलमला टेकवलेली कपाटं सरकवायला लाव. ओल कधीपासून आहे, ते घरातल्या म्हाताऱ्या बाईला विचार. तळमजल्यावर नूतनीकरण झालं असेल तर आधी तिथले खांब मोज. २०१७ मध्ये घाटकोपरला इमारत कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या कामात खांबांना हात लावल्याचाच आरोप झाला होता.

तुझ्या वयात मीही साइटवर होतो. बढती आली, टेबल मिळालं आणि शिडी सुटली. नुसत्या हातोडीच्या आवाजावरून पोकळ गिलावा ओळखणारे आमचे एक मुकादम होते. त्यांच्यामागे आणखी चार वर्षं हिंडायचं राहून गेलं, ही रुखरुख अजून जात नाही. तुझ्या हातात ते दिवस आत्ता आहेत. ते खुर्चीत बसून घालवू नकोस.

फार बोललो. त्या गृहस्थांनी वाढवून सांगितलं असेल, तसं असेल तर मला दोन शब्द सुनाव. लालबागच्या खोलीत जिन्याखालचा टेकू पाहून तूच आजीला विचारायचीस, "हा काढला तर काय होईल?" ती पोर न बघता सही करेल, हे मन मानत नाही.

वरिष्ठ घाई करत असतील तर सरळ सांग, मी इमारत बघितलेली नाही, सही करणार नाही. त्यापायी नोकरी गेली तर जाऊ दे. घराचे हप्ते आपण मिळून बघू, तुझ्या आईची समजूत मी घालेन.

आणि आत जा म्हणून मागे लागलोय खरा, पण त्या मोडक्या जिन्यांवर तू चढतेस या विचारानंही जीव थाऱ्यावर राहत नाही. एकटी जाऊ नकोस, हेल्मेट घाल, गंजलेल्या गॅलरीच्या कडेला उभी राहू नकोस, आणि खाली उतरलीस की मामाला एक फोन कर.

तुझा,
सुभाषमामा